जुन्या गाडीचे ब्रेक घरी दुरुस्त करताना : दोष शोधण्यापासून हवा काढण्यापर्यंत

नवी मुंबईत ऐरोलीला आमची इमारत खाडीपासून फार लांब नाही, आणि इथल्या जुन्या गाड्यांचे ब्रेक जितके झिजतात तितकेच गंजाने अडतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे. माझी वॅगनआर २००७ सालची आहे. एका पावसाळ्यानंतर ती ब्रेक दाबताना डावीकडे ओढू लागली, आणि जवळच्या दिघ्यापर्यंत जाऊन आले तरी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला की धग लागत असे. एका गॅरेजमध्ये पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबून चाक थांबवणारे ठोकळे, बदलून घेतले. चार महिन्यांत तोच त्रास पुन्हा सुरू झाला. शेवटी मी स्वतः चाक उतरवले, तेव्हा नवा पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झिजलेला दिसला. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतील खालची पिन गंजून जागच्या जागी बसली होती. पॅड बदलताना ती कोणी हलवूनही पाहिली नव्हती.

तेव्हापासून या गाडीच्या ब्रेकचे बहुतेक काम मी घरी करतो. पुढे लिहिलेली पद्धत पुढे डिस्क व मागे ड्रम असलेल्या, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या छोट्या गाड्यांसाठी आहे. जुनी अल्टो, झेन, वॅगनआर, सँट्रो, इंडिका या गाड्यांच्या बऱ्याचशा आवृत्त्या त्यात बसतात. भारतात १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यानंतरच्या गाडीत, किंवा त्याआधीच्या एबीएस असलेल्या गाडीत, एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढण्यासाठी बहुधा स्कॅनर लागतो. अशा गाडीत पॅड बदलण्यापुरतेच काम घरी करावे.

काय घरी करू नये, हेही आताच सांगतो. गंजलेल्या लोखंडी ब्रेक लाइनला जोड देणे, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) उघडून त्यात रबर किट टाकणे, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) खोलणे आणि कॅलिपरमधील अडकलेला पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढणे ही चार कामे अनुभवी मेकॅनिककडेच द्यावीत. हवेच्या दाबाने सुटलेला पिस्टन बोटे चिरडू शकतो, आणि हाताने केलेला लाइनचा जोड जोरात ब्रेक दाबल्यावर नेमका सुटतो.

आधी दोष शोधा, मग पाना उचला

सामान आणण्यापूर्वी अर्धा तास तपासणीला द्यावा, कारण ब्रेकचा दोष बहुतेक वेळा पायालाच कळतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे म्हणजे बूस्टरमधील साठलेली निर्वात पोकळी संपते आणि पॅडल कडक होते. आता पॅडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पॅडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. जागचे हललेच नाही आणि एरवीही ब्रेक लावताना फार जोर लागत असेल, तर आधी बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप आणि त्यातील वन-वे व्हॉल्व्ह तपासावा, कारण तो पाइप चिरलेला किंवा सैल असणे ही स्वस्तात सुटणारी गोष्ट आहे.

पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीन वेळा भरभर दाबल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागचे शू (ड्रमवर आतून दाबणारे पट्टे) ड्रमपासून फार लांब गेले आहेत. पॅडल एकसारखा दाब देऊन धरले असताना हळूहळू जमिनीकडे जात असेल, तर मामला गंभीर आहे. ब्रेक ऑइल कोठून तरी बाहेर गळत आहे, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील दाब धरत नाहीत. दुसऱ्या प्रकारात बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळीही कमी होत नाही, त्यामुळे अनेक जण पुन्हा पुन्हा हवा काढत बसतात. या लक्षणाची गाडी चालवत गॅरेजपर्यंतसुद्धा नेऊ नये, टो करून न्यावी.

ब्रेक दाबल्यावर पॅडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही किंवा ती फिरताना डगमगते. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज अनेकदा पॅडची झीज दाखवणाऱ्या पत्र्याचा असतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत आवाज आला, तर पॅड संपून त्याची पाठ डिस्कवर घासत आहे आणि डिस्कही बहुधा खराब झाली आहे.

गाडी एका बाजूला ओढते तेव्हा दोष त्याच बाजूला आहे असे लगेच धरून चालू नये. डावा ब्रेक अडकून राहिला असेल तर गाडी डावीकडे ओढते, पण उजवा ब्रेक कमी लागत असेल तरीही ती डावीकडेच ओढते. पाच-सहा किलोमीटर नेहमीसारखी चालवून आणल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहाताची मागची बाजू न्यावी. चाकाला स्पर्श करू नये, धग लांबूनही कळते. ज्या चाकाची धग स्पष्टपणे जास्त आहे ते बहुधा अडकलेले असते, नाही तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागत असतो. दोन्ही सारखी असताना गाडी ओढत असेल तर टायरमधील हवा आणि अलाइनमेंट आधी पाहावे.

यानंतर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. या ठिकाणी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढते, आणि म्हणून गळती नसतानाही डबीतील पातळी हळूहळू उतरते. उतरलेली पातळी म्हणजे पॅड तपासा अशी सूचना असते. सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी नुसतीच पातळी भरून टाकली की ती सूचना पुसली जाते. पातळी महिन्याभरात झपाट्याने खाली गेली असेल तर मात्र गळती शोधावी. चारही चाकांची आतली बाजू, मागच्या ड्रमची खालची कड आणि ड्रायव्हरच्या पायाजवळ पॅडलच्या वरची भिंत ओली आहे का, हे टॉर्च लावून पाहावे.

जागा आणि सामान

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायचे असेल तर उताराचा रॅम्प आणि सैल बसलेले पेव्हर ब्लॉक टाळावेत. काँक्रीटची सपाट जागा हवी, आणि शेजारच्या गाडीवर ऑइलचा शिंतोडा उडणार नाही इतके अंतर हवे. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर पडले तर रंग उचलून टाकते. पडलेच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओतावे. हे ऑइल पाण्यात मिसळते, त्यामुळे वेळीच धुतल्यास डाग राहत नाही.

गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात किंवा पाय घालू नये. तो जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवावी आणि उतरवलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे, म्हणजे घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल. पुढचे काम असेल तर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावून हँडब्रेक ओढावा. मागचे काम असेल तर हँडब्रेक सोडलेला असावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना पाचर लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत.

पाने रिंगचेच घ्यावेत. हवा काढण्याच्या निप्पलला बहुतेक छोट्या गाड्यांत ८ किंवा १० मिलिमीटरचा पाना लागतो. ते निप्पल मऊ आणि आतून पोकळ असते, फिक्स पान्याने त्याच्या कडा गोल झाल्या की साध्या कामाचे रूपांतर दोन दिवसांच्या कामात होते. याखेरीज ब्रेक क्लिनरचा डबा, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जी-क्लॅम्प, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस, निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक रिकामी प्लास्टिकची बाटली, रबरी हातमोजे आणि मास्क एवढे लागते. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) असेल तर उत्तम. आकडे मात्र आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

पॅड आणि शू नामांकित कंपनीचे, सीलबंद खोक्यातले आणि पक्क्या बिलावर घ्यावेत. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि किंमत छापलेली नसेल तर तो माल परत करावा. ब्रेकच्या सामानात वाचवलेले दोनशे रुपये मला कधीच योग्य वाटले नाहीत.

पुढचे चाक : कॅलिपर, पिना आणि पॅड

चाक उतरवल्यावर स्टिअरिंग त्या बाजूला वळवावे म्हणजे कॅलिपर समोर येतो. धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. जुन्या शू-पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. मास्क लावून ब्रेक क्लिनरने भाग ओला करावा आणि खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये घाण ओघळू द्यावी.

खालचा बोल्ट काढला की अनेक गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर बिजागरीसारखा वर उचलता येतो. पूर्ण काढावा लागला तर तो होज पाइपला (ऑइल आणणाऱ्या रबरी नळीला) लटकू देऊ नये, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा. जुने पॅड बाहेर काढून चारही एका ओळीत, डावे-उजवे, आतले-बाहेरचे अशा क्रमाने कागदावर मांडावेत. दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजले असतील तर फक्त वापर झाला आहे. एकच बाजू संपली असेल, किंवा पॅड पाचरीसारखा झाला असेल, तर नुसते नवे पॅड बसवून काही साध्य होणार नाही. मसाल्याची, म्हणजे पॅडवरच्या घासणाऱ्या थराची, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली की पॅड बदलावेत, आणि नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकत्र बदलावेत.

आता पिनांकडे वळू. माझ्या गाडीची ती खालची पिन पक्कडीने धरून फिरवली तेव्हा सुरुवातीला जराही हलली नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून वीस मिनिटे थांबलो, मग उलट-सुलट थोडी थोडी फिरवत ओढली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर लालसर-काळ्या चिखलाचा थर होता, ग्रीस एखाद्या रेघेपुरतेही उरले नव्हते. तिच्या रबरी बूटला नखाएवढी चीर होती. त्या चिरेतून दोन-तीन पावसाळ्यांचे पाणी आत गेले होते. अशी पिन पॉलिश पेपरने हलकी घासून गुळगुळीत होत असेल तर वापरावी, खड्डे पडले असतील तर बदलावी. बूट मात्र नवीनच टाकावा. पिनेचे भोक कापडाने व क्लिनरने आतून स्वच्छ करावे, कारण स्प्रेचा अंश आत राहिला तर तो नव्या रबरावर काम करीत राहतो. मग पिनेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा. साधे चेसिस ग्रीस येथे चालत नाही, खनिज तेलाने हे रबर फुगते आणि पिन काही महिन्यांत पुन्हा अडकते. दोन्ही पिना बोटांनी ढकलल्या असता सहज आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. कॅलिपरच्या कामाचा निम्मा हिस्सा या दोन पिनांतच आहे.

पिस्टन आत ढकलण्याआधी त्याच्या भोवतीचा रबरी बूट फाटलेला नाही आणि तेथे ओल नाही याची खात्री करावी. नुसता क्लॅम्प लावून पिस्टन दाबला तर कॅलिपरमधील सर्वांत घाण ऑइल उलट दिशेने मास्टर सिलिंडरकडे जाते आणि डबी वाहूही शकते. म्हणून निप्पलला नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे, निप्पल पाव फेरा उघडावे, जुना पॅड पिस्टनवर ठेवून क्लॅम्प हळूहळू आवळावा, आणि पिस्टन बसला की क्लॅम्प सोडण्यापूर्वी निप्पल बंद करावे. हाताच्या ताकदीने पिस्टन आत जात नसेल तर तो आत गंजला आहे. तेव्हा कॅलिपर दुरुस्तीला द्यावा किंवा नवा घ्यावा.

डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. साध्या व्हर्नियरने कडेवर मापल्यास न झिजलेली कड आड येऊन जाडी जास्त दाखवते, म्हणून मायक्रोमीटरने घासणाऱ्या भागावर पाच-सहा ठिकाणी मापावे. किमान मापाच्या खाली गेलेली डिस्क खरवडून घेऊन चालत नाही, ती बदलावीच लागते.

पॅड ज्या खाचांत सरकतात त्या खाचा तारेच्या ब्रशने गंजमुक्त कराव्यात, पॅडच्या कानांना ग्रीसचे अगदी पुसट बोट लावावे आणि मसाल्याच्या पृष्ठभागाला ग्रीसचा हात लागू देऊ नये. बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आवळून झाले की सर्वांत आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसून पॅडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. पिस्टन आत गेलेले असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब थेट तळाला जातात. हे न करता गाडी पार्किंगमधून काढली तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही.

होज पाइप

पुढच्या चाकांचा रबरी होज पाइप बाहेरून ठीक दिसूनही आतून सुजलेला असू शकतो. मग ब्रेक दाबताना ऑइल जाते, पण सोडल्यावर परत येत नाही आणि चाक अडकून राहते. ओळखण्याची रीत सोपी आहे. चाक उचलून ब्रेक दाबून सोडावा, चाक हाताने फिरत नसेल तर निप्पल थोडे उघडावे. थोडे ऑइल उडून चाक लगेच मोकळे झाले तर कॅलिपर निर्दोष आहे, दाब होजमध्ये किंवा त्यामागे अडकला आहे. निप्पल उघडूनही चाक जामच राहिले तर दोष पिना किंवा पिस्टनचा आहे. नवा होज बसवताना त्याला पीळ पडू देऊ नये, बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जाते असा पोकळ बोल्ट) असल्यास तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज कोठे घासत नाही हे पाहावे.

मागचा ड्रम

ड्रम उघडण्याआधी तो कसा बसवला आहे हे पाहावे. काही गाड्यांत तो हबवर नुसता बसलेला असतो आणि त्यावर दिलेल्या दोन आटेदार भोकांत बोल्ट आळीपाळीने आवळले की तो बाहेर ढकलला जातो. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असून मधला मोठा नट काढावा लागतो. तो नट ठरावीक टॉर्कने आवळण्याची सोय नसेल तर ड्रमचे काम गॅरेजमध्ये करावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते, आणि स्प्रिंगा काढण्यापूर्वी मोबाइलवर जवळून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. व्हील सिलिंडरच्या, म्हणजे शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, टोकाचे रबर बोटाने हलकेच उलटून पाहावे. आत ओल दिसली तर तो सिलिंडर बदलावा. ऑइलने भिजलेले शू पेट्रोलने धुऊन किंवा पेटवून कोरडे केल्याने पुन्हा उपयोगी पडत नाहीत, मसाल्यात मुरलेले ऑइल गरम झाल्यावर परत वर येते. ते दोन्ही बाजूंचे बदलावेत. ड्रम बसवल्यावर हाताने फिरवताना शू अगदी पुसट घासल्याचा आवाज येईल इतका शूचे अंतर ठरवणारा अॅडजस्टर फिरवावा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणावी. आधी केबल ताणून शूचे अंतर झाकणे ही नेहमी दिसणारी चूक आहे, त्यात सेल्फ-अॅडजस्टर काम करेनासा होतो.

पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, शू गंजाने ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना पाचर लावावी.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणे

बाजारात आपण त्याला ऑइल म्हणतो, परंतु ते खनिज तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारित द्रव आहेत. त्यांत चमचाभर इंजिन ऑइल, रॉकेल किंवा पेट्रोल मिसळले गेले तरी सगळे सील फुगून निकामी होतात, म्हणून डबी धुण्यासाठीही हे पदार्थ वापरू नयेत. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि या गाड्यांत घालू नये. डबीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा.

हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. मानकाप्रमाणे कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लोणावळ्याहून परतताना खंडाळ्याचा घाट टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरला की डिस्कची उष्णता कॅलिपरमधील ऑइलपर्यंत पोहोचते. पाणी मुरलेले ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पॅडल अचानक तळाला जाते. खोपोलीपर्यंत घाटभर खालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिन बंद करू नये किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये, हे तर आहेच, पण दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा त्यावरचा मूळ उपाय आहे. उघडून सहा महिने माळ्यावर ठेवलेल्या बाटलीतील ऑइल आपल्या दमट हवेत वापरण्याच्या लायकीचे राहत नाही. पाचशे मिलिलिटरच्या दोन सीलबंद बाटल्या आणाव्यात, उरलेले साठवण्याचा मोह धरू नये.

या कामाला दुसरा माणूस हवाच. माझ्याकडे मुलगी पॅडलवर बसते आणि आमचे तीनच शब्द ठरलेले आहेत : "दाब", "धर", "सोड". मी "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, हे मी तिला दर वेळी नव्याने सांगतो, कारण निप्पल उघडे असताना पाय उचलला गेला तर नळीतील हवा परत आत ओढली जाते.

काम सुरू करण्यापूर्वी पॅडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये सील ज्या भागात रोज फिरतात तो भाग गुळगुळीत असतो, पुढच्या भागात गाळ आणि गंज साठलेला असतो. पॅडल पार जमिनीपर्यंत दाबले तर सील त्या खरबरीत भागावरून घासत जातात आणि फाटतात. हवा काढायच्या आधी ठीक असलेला मास्टर सिलिंडर हवा काढल्यावर गेला, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

डबीतील जुने काळपट ऑइल मोठ्या सिरिंजने उपसून तेथे नवे भरावे. मग मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे तो क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा होतो. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. अशा गाडीत मागची चाके लोंबकळत ठेवून हवा नीट निघत नाही, गाडीचे वजन अॅक्सलवर टेकलेले असावे.

निप्पलवर आधी रिंग पाना चढवावा, मग नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीत तळाशी थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवावे. "दाब" म्हटल्यावर पॅडलवर सावकाश दोन-तीन दाब, "धर" म्हटल्यावर पाय स्थिर, त्याच वेळी मी निप्पल पाव फेरा उघडतो. पॅडल ठोकळ्यापर्यंत गेले की निप्पल बंद करतो आणि मगच "सोड". पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नळीतून चहाच्या रंगाचे ऑइल येते आणि त्यात भिजलेल्या साबुदाण्यासारखे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसतात. मग बुडबुडे बारीक होतात, मोहरीएवढे, मग नाहीसे होतात, आणि रंग फिकट मधासारखा होतो. त्यानंतरही दोन फेऱ्या जास्त घ्याव्यात. दर चार-पाच दाबांनंतर डबीकडे पाहून नवे ऑइल भरत राहावे. पातळी खालच्या खुणेखाली जाऊन मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. निप्पल बंद करताना फार जोर करू नये, ते तुटले तर कॅलिपरच काढावा लागतो.

निघालेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. बाटलीचे झाकण घट्ट लावून, लेबल लिहून, टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ते परत वापरायचे नसतेच.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

इंजिन बंद ठेवून पॅडल जोराने दाबून एक मिनिट धरावे. ते एका उंचीवर स्थिर राहिले पाहिजे. मग इंजिन सुरू करून तेच करावे. चारही निप्पल, होजचे जोड आणि व्हील सिलिंडरच्या जागा टिश्यू पेपरने टिपून पाहाव्यात, कागद कोरडा राहिला पाहिजे. चाकाचे नट फुलीच्या क्रमाने आवळावेत. यांपैकी एक गोष्टही मनासारखी नसेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.

पहिली चाचणी सोसायटीच्या आवारात, माणसाच्या चालीने, हँडब्रेकवर हात ठेवून घ्यावी. त्यानंतर मी रविवारी सकाळी रबाळे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर जातो, कारण त्या वेळी तेथे ट्रकची ये-जा कमी असते. नवे पॅड डिस्कवर बसण्यासाठी ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा, मधे अर्धा-एक किलोमीटर चालवून ब्रेक थंड होऊ द्यावा, असे दहाएक वेळा करावे. गरम झालेल्या नव्या पॅडवर गाडी पूर्ण थांबवून पॅडल दाबून धरू नये, त्याच जागी डिस्कवर मसाल्याचा ठसा उमटतो आणि पुढे थरथर जाणवते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना कचकन ब्रेक मारू नये. या दिवसांत मी पारसिक हिलचा उतार आणि पाम बीच रोडवरचा वेग दोन्ही टाळतो.

परत आल्यावर पुन्हा चाकांजवळ हात नेऊन डाव्या-उजव्याची धग ताडून पाहावी. आठवड्याने पातळी आणि निप्पल एकदा तपासावेत. हजार किलोमीटरनंतर चाक उतरवून पिना पुन्हा बोटाने ढकलून पाहाव्यात. डबीच्या झाकणाला मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो आणि त्यावर ऑइल बदलल्याचा महिना, साल व डॉटचा क्रमांक मार्करने लिहितो, म्हणजे पुढे गाडी कोणाच्याही हातात गेली तरी झाकण उघडणाऱ्याला आत काय आहे आणि ते कधी घातले आहे हे कळते.